चढाला उतरणारी माणसं

१२ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. पाकीट पाहून दचकू नका, कोणाचं काही वाईट झालेलं नाही. फोनवर तुम्ही नुसतं "हॅलो, हॅलो" ओरडता आणि मग काकूच्या हातात फोन कोंबून मोकळे होता, म्हणून म्हटलं सरळ लिहावं. विषयही असा आहे की तुम्हाला तो बसून वाचावा लागेल. चष्मा लावा. तो नाही, दुसरा.

मी संस्थेत नेमकं काय करते हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि चहा संपेपर्यंत विसरता. तर परत एकदा. धूर न सोडता, डोंगर न फोडता आणि माणसांचे हाल न करता रस्ते कसे बांधावेत आणि बस कशा चालवाव्यात, याचा आम्ही अभ्यास करतो. सध्या बॅटरीच्या बसचं काम हातात आहे. सपाटीवर त्या धावतात, त्यात आता नवल राहिलं नाही. खरी गोम चढाची. भरलेली बस उभा चढ चढताना किती वीज खाते, आणि उतरताना ब्रेक दाबला की त्यातली किती वीज बॅटरीत परत येते, हे कोणीच नीट मोजलेलं नाही. साहेबांनी टेबलावर नकाशे पसरले आणि विचारलं, "सगळ्यांत वाईट चढ कुठला?" मी विचार न करता आपल्या चढावर बोट ठेवलं.

विचार न करता म्हणजे, खूप विचार करून. तुमची जुनी डिझेलची बस एप्रिलअखेर भंगारात निघणार हे ठरलेलं आहे, त्यात माझा हात नाही. तिच्यानंतर वरच्या वस्तीपर्यंत बस येणार, की पायथ्याशीच थांबणार, हे या चाचणीवर ठरेल. पायथ्याशी थांबली तर काकूचं काय? गुडघ्यांच्या व्यायामाला ती आठवड्यातून दोनदा खाली जाते. तो चढ ती पायी चढू शकत नाही, आणि व्यायाम थांबला तर घरातल्या घरातही चालू शकणार नाही. मग तुम्हा दोघांना ते घरच सोडावं लागेल. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

नवी बस फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. हात जोडून एकच विनंती, ड्रायव्हरला गाडी चालवायला शिकवू नका. तो शिकूनच आलेला आहे.

तुमची,
वकीलबाई


९ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग मला नीट कळलं नसेल म्हणून काकूने परत मोठ्याने वाचलं. गोम कळली.

तुझी बस आली. आली म्हणजे काय, मी अंगणात दाढी करत होतो, मागे वळून बघतो तर उभी! ना घरघर, ना धूर, ना हादरा. वस्तीत तिचं नाव त्याच दिवशी पडलं. मांजर. कधी आली, कधी गेली, पत्ता लागत नाही. जुनीला आम्ही दमेकरीण म्हणायचो, ती खालच्या पुलावर असली की इथे घरातली भांडी थरथरायची आणि काकू चहाचं आधण ठेवायची. आता आधण कधी ठेवायचं हेच तिला कळत नाही. तुमच्या अभ्यासात हेही लिहा.

ड्रायव्हर पोरगेला आहे. मी त्याला काही शिकवलं नाही. फक्त दुसऱ्या वळणावर गाडी कुठे घ्यायची तेवढं दाखवलं.

तुला काय आठवणार म्हणा, तू एवढीशी होतीस, पण प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचीस, म्हणून तर तुझ्या बापाने तुझं नाव वकीलबाई ठेवलं. दोन सख्खे भाऊ एका बसवर नकोत असा आगारात नियम होता. पण आपल्या रस्त्यावर यायला कोणी माईचा लाल तयार नसायचा, म्हणून साहेब लोकांनी डोळे मिटले आणि मी ड्रायव्हर, तुझा बाप कंडक्टर अशी आमची जोडी जमली. भरलेली दमेकरीण चढ चढायची नाही म्हणजे नाही. पायथ्याशी मी गाडी थांबवायचो, धाकटा दार उघडून आवाज द्यायचा, "चला मंडळी, हिला दम लागलाय, आपल्याला अजून लागायचाय!" की सगळे हसत उतरायचे. बोचकी आत, माणसं खाली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी वर घ्यायचो आणि धाकटा लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी चालायचा, गाडी मागे आलीच तर चाकाखाली घालायला. तू त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस लगामासारखे ओढायचीस.

काय काय झालं नाही त्या चढावर! भांडणं मिटली, लग्नं जमली, मास्तरांनी तर अर्ध्या वस्तीला पाढे चालता चालता शिकवले. तुझी काकू, तुझ्या जन्माच्याही आधी, खाली शिवणाच्या दुकानात जायची. ती माझ्या खिडकीखालून चालायची आणि मी पहिल्या गिअरमध्ये. वेग अगदी सारखा. तिला वाटायचं गाडीच हळू आहे. गाडी जरा जोरात जाऊ शकत होती, हे मी तिला लग्नानंतर सांगितलं. अजून टोमणे खातो. पुढे दमेकरणीला मोठं इंजिन बसलं आणि ते उतरणं संपलं.

तर तुझी बस पास होणार. काळजी करू नकोस. सगळी वस्ती तुझ्या पाठीशी आहे.

काका


३ मार्च

ती. काका,

मी तुम्हाला काय सांगू! आज साहेबांनी माझ्या खोलीत येऊन, उभ्या उभ्या, माझ्यासमोर आकडे दोनदा वाचले आणि विचारलं, "ही बस विजेवर चालते की हवेवर?" तुमची मांजर वीज खातच नाही हो! आम्ही जो अंदाज केला होता त्याच्या निम्म्यातही तिचं भागतंय, आणि उतारावर ती भरभरून परत कमावते. मी तर हातातलं सगळं टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाबा असते तर पहिला फोन त्यांना केला असता.

साहेब म्हणाले, आता थांबायचं कशाला. अहवाल मेच्या आत द्यायचा आणि हीच बस आणखी कितीतरी डोंगरी रस्त्यांवर घ्या म्हणून शिफारस करायची. आपल्या चढावरून निघालेली गोष्ट कुठच्या कुठे जाणार बघा.

फक्त एक भानगड आहे. बसच्या खाली वजन मोजणारं यंत्र बसवलंय, आत किती माणसं आहेत ते त्यावरून कळतं. ते बिघडलेलं दिसतंय. पायथ्यापर्यंत बस भरलेली दाखवतं, चढावर जवळजवळ रिकामी, आणि वर पोचल्यावर परत भरलेली. आमच्या तंत्रज्ञाचं म्हणणं, गाडी तिरकी झाली की यंत्र फसतं. म्हणून आम्ही ते आकडे बाजूला ठेवले आणि विकलेल्या तिकिटांवरून वजन धरलं. तुम्ही ड्रायव्हरला जरा विचाराल का, की खाली पाणीबिणी शिरलं होतं का?

आणि बस पायथ्याशी आणि वरच्या वळणावर इतका वेळ का थांबते? पायथ्याशी समजू शकते, तिथे थांबा आहे. पण वर? तिथे तर एक आंब्याचं झाडसुद्धा नाही.

काकूच्या गुडघ्यांना आराम आहे ना?

तुमची,
वकीलबाई


११ मार्च

चि. वकीलबाईस,

अ. आ. तुझ्या साहेबांना म्हणावं, हवेवर चालायला ती काय पतंग आहे? पण बरं वाटलं. तुझं पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं, त्यांनी ते पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. चपला शिवणाऱ्याने तर शिट्टी मारली. तो अलीकडे भलताच खुशीत आहे. सगळ्या वस्तीच्या चपलांचे तळ एकदमच झिजलेत, बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नाही. मास्तरांचं पोटही उतरलंय. प्रगती आहे.

यंत्राचं मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, पाणी शिरलं असेल. मी म्हटलं, असेल. यंत्रं फसतातच. दमेकरणीच्या काट्यावर तर कायम टाकी भरलेली असायची.

वरच्या वळणावर थांबतो त्याचं कारण तिथून देखावा छान दिसतो. पोरगेला आहे, नवीन लग्न झालंय, बघतो बिचारा. त्यात काय एवढं.

काकूचं म्हणशील तर ती जरा चिडचिडी झालीय. गेल्या महिन्यात दोन-तीनदा व्यायामाला गेलीच नाही. बस दारात उभी, मी छत्री घेऊन तयार, आणि बाईसाहेब म्हणतात, "आज नको." गुडघा जास्त दुखत असणार. विचारलं तर अंगावर येते. तू फोन केलास तर तिला काही विचारू नकोस, उगाच माझ्यावर शेकेल.

एक विचारायचं होतं. आपलं सहज. समजा, वजन थोडंसं कमीजास्त झालं, तर त्या दुसऱ्या डोंगरांवरच्या बसना काही फरक पडतो का? सहज विचारतोय हो.

काका


१९ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र सोमवारी आलं. चपलांचं वाचून मी हसले, आणि पत्र घडी करून खणात ठेवलं. मंगळवारी सकाळी दात घासताना माझा हात थांबला. बस ज्यांना दारात सोडते, त्या माणसांच्या चपला झिजतात कशा?

काका, तुम्ही सगळे उतरताय. हो ना? पायथ्याशी मंडळी उतरतात, मांजर रिकामी वर जाते, वळणावर थांबते, आणि मंडळी चालत येऊन परत बसतात. देखावा म्हणे! यंत्रात काही बिघाड नव्हता. ते बिचारं रोज खरं बोलत होतं, आणि मी, एवढं शिकलेली, त्याला खोटं पाडत होते. त्या चढावर खांद्यावर बसून गेलेली मुलगी मी. सगळ्या संस्थेत हे कोणी ओळखायला हवं होतं तर ते मीच.

मला तुमचा भयंकर राग आलाय. आणि राग आला की तुमचं पहिलं पत्र काढून वाचते आणि रडू येतं. बाबांचा तो आवाज मला आठवत नव्हता, तुम्ही लिहिलंत तेव्हा आठवला. मंडळींना चालताना मजा येत असणार, हेही मला दिसतंय. पण काका, तुम्ही सहज म्हणून जे विचारलंत त्याचं उत्तर ऐका. फरक पडतो. ही बस पास झाली असं मी लिहिलं तर ती कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरावर जाईल. तिथे तिच्यात माणसं शाळेतून, दवाखान्यातून, बाजारातून भरून येतील, आणि अर्ध्या चढावर ती थांबेल. उतरायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. मागे ठोकळा घेऊन चालणारा कोणी नसेल. आत कोणाची तरी काकू असेल.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चाचणी पुन्हा. एप्रिलच्या मध्यात. बस पूर्ण भरलेली, आणि चढावर एकानेही उतरायचं नाही. मला तिथे यायला त्यांनी मनाई केलीय. घरचा रस्ता, घरची माणसं. बरोबरच आहे त्यांचं.

आणि पुढचंही लिहून टाकते. भरलेली मांजर तो चढ चढेल असं मला वाटत नाही. नाही चढली तर ती परत जाईल. मी अहवालात लहान बस आणि वर वस्तीत चार्जिंगची सोय सुचवणार आहे. ती चढेल याची मला खात्री आहे, पण मंजुरी मिळून ती यायला दोन वर्षं लागतील, कदाचित जास्त. तोवर बस पायथ्याशी थांबेल. याचा अर्थ काय ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

हे पत्र काकूलाही वाचून दाखवा.

तुमची,
वकीलबाई


२५ मार्च

चि. पुतणीस,

काकूला वाचून दाखवलेलं नाही. दाखवणार नाही.

पहिल्या दिवशी मांजर पायथ्याशी थांबली आणि मास्तर आपसूक उठले. कोणी सांगितलं नव्हतं. सवय. त्यांच्यामागे सगळे. वर पोचल्यावर सगळे धापा टाकत हसत होते, इतक्या वर्षांनी. तेव्हा मीच म्हटलं, रोज उतरू या, पोरीची बस आहे, पास झाली पाहिजे. माझं नाव लिही तुझ्या अहवालात. चार पावलं चाललो तर कोणाच्या बापाचं काय गेलं? आकडे खोडले का आम्ही? चोरी केली? आपल्या पायांनी चाललो.

तुला दुसऱ्या डोंगरांवरच्या काकू दिसतात. इथली दिसत नाही? ती या घरात आली तेव्हा मागची भिंतसुद्धा उभी नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ती बांधली. तुझा बाप गेल्यावर तू आणि तुझी आई याच घरात राहिलात. हे घर सोड म्हणून तिला मी सांगू? तू ये आणि सांग. तिकडे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे.

धाकटा असता तर त्याने तुझा कान पिळला असता.

काका


३० मार्च

प्रिय काकू,

हे पत्र तुझ्या नावावर पाठवतेय, काकांच्या नाही. पोस्टमनला तसं सांगितलंय.

काका माझ्यावर रागावलेत. का, ते त्यांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

नवी बस चढावर रिकामी चालवली गेली, म्हणून ती चांगली ठरली. मी ते उघड केलं. आता चाचणी परत होईल, सगळे आत बसून. बस बहुतेक चढणार नाही. मग वरपर्यंत बस उरणार नाही, दोन वर्षं तरी. तुझा व्यायाम, तुझं घर, सगळं त्यात आलं.

मी गप्प राहू शकले असते. कोणाला कळलं नसतं. काल रात्रभर मी हाच विचार केला, की गप्प राहिले असते तर काय झालं असतं. तुला घर राहिलं असतं. मी शाळेतून आले की तू मला आधी पाय धुवायला लावायचीस आणि मगच माझी रडगाणी ऐकायचीस. ती पायरी राहिली असती.

तू रागाव, बोल, नाही तर बोलू नकोस. पण माझ्याकडून ऐक, दुसऱ्याकडून नको. तुम्ही दोघं माझ्याकडे येऊन राहिलात तर मला आनंद होईल. माझी खोली लहान आहे, पण लिफ्ट आहे. हे मी घराच्या बदल्यात देत नाहीये. घराच्या बदल्यात काही देता येत नाही, हे मला कळतं.

तुझी,
वकीलबाई


५ एप्रिल

चि. बाळ,

मला लांबलचक लिहिता येत नाही. तुझ्या काकांचं ते खातं आहे.

गुडघा दुखतो म्हणून मी व्यायामाला जायची थांबले नव्हते. खरं काय ते सांगते. पायथ्याशी सगळी बस उतरते आणि मी एकटी आत राहते. मास्तर माझ्याहून मोठे, तेही उतरतात. आठव्या महिन्याची पोटुशी पोरगी उतरली, मी नको नको म्हणत होते तरी. मी काचेतून सगळ्यांच्या पाठी बघत बसते. कोणी मला काही बोलत नाही. उलट हात हलवतात. पण मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझ्यासाठी सगळी वस्ती घाम गाळते, आणि मी गाठोड्यासारखी वर जाते. तुझ्या काकांना हे कळत नाही. ते बाहेर सगळ्यांच्या पुढे चालतात आणि जुन्या गोष्टी सांगतात. इतके खूश मी त्यांना धाकटे भाऊजी गेल्यापासून पाहिले नव्हते, म्हणून मी तोंड मिटून बसले.

तू बरोबर केलंस. चाचणी होऊ दे. सगळ्यांना मी बसवते. तुझ्या काकांचंही माझ्यावर सोड.

घराचं बघू. जेवत जा वेळेवर.

काकू


२१ एप्रिल

चि. वकीलबाईस,

अ. आ. तुझ्या साहेबांनी आकडे कळवले असतील. आकड्यात जे येत नाही ते मी लिहितो.

गुरुवारी सकाळी तुमची दोन माणसं आली, एक लॅपटॉपवाला आणि एक वहीवाला. बस खालून भरून निघाली. एक जागा रिकामी नव्हती, उभे होते ते वेगळे. आदल्या दिवशी काकू घरोघर जाऊन आली होती. घरोघर, तिच्या त्या गुडघ्यांनी, आणि मला बरोबर घेतलं नाही. काय बोलली कोणास ठाऊक. पायथा आला. दार उघडलं. मास्तर सवयीने अर्धे उठले आणि परत बसले. दार मिटलं. परीक्षेच्या वर्गात बसावं तसे सगळे.

पहिलं वळण चढली. दुसरं चढली. मला वाटलं, अरे, चढते की! तिसऱ्या वळणाच्या थोडं पुढे ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागला. तो म्हणाला, मोटर तापली. गाडी आणखी थोडी सरकली आणि थांबली. ब्रेक पक्का होता, काळजीचं काही नव्हतं. पण थांबली.

आता मी आयुष्यभर त्या चढावर गाडी चालवलीय. मला कळत होतं, दहा-बारा माणसं उतरली असती तर ती हळूहळू गेली असती. बसमधल्या प्रत्येकाला ते कळत होतं. लॅपटॉपवाल्याची मान खाली होती. मी उठलो. काकूने माझी बाही धरली आणि खाली खेचलं.

"बसा."

"अगं, चारजण उतरलो तरी..."

"बसा म्हटलं ना. पोरीने काय सांगितलंय?"

"आणि घर?" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण सगळ्यांनी मागे बघितलं.

ती म्हणाली, "घर माझं आहे ना? मग मी सांगते तसं करा."

मी बसलो. कोणी हललं नाही. उन्हाने बस तापली होती, मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलासुद्धा त्यांनी हात वर केला नाही. ड्रायव्हरने मोटर जरा निवू देऊन परत एकदा प्रयत्न केला. नाही गेली. वहीवाला लिहीत होता. काकूने त्याला विचारलं, "झालं का लिहून, बाळा?"

"झालं, आजी."

"नीट लिहिलंस ना? नंतर खाडाखोड नको."

"नाही आजी. नीट लिहिलंय."

"मग दार उघडा," ती म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तीच उठली.

मी तिला म्हटलं, तू कशाला, तू बस, गाडी आता रिकामी होऊन जाईल वर. तिने ऐकलं नाही. एक पाय खाली, मग दांडा धरून दुसरा. तिच्या मागे सगळे उतरले. आणि चालायला लागली की गं! दहा पावलं चालायची, थांबायची, परत चालायची. मी एका बाजूने, दुसऱ्या बाजूने ती बाळंत झालेली पोरगी, तिचं बाळ मास्तरांकडे. एकही माणूस पुढे गेला नाही. अख्खी वस्ती काकूच्या चालीने चालत होती. कोणाच्याही तोंडी तुझा, बसचा विषय नव्हता. काकू बायकांशी कोणाच्या तरी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. आमच्या मागून मांजर रिकामी, हळूहळू, आवाज न करता येत होती. मी एकदा वळून बघितलं. मागच्या चाकाशी कोणी नव्हतं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी रडलो. कोणी बघितलं असेल तर बघू दे.

घरी पोचायला दुपार झाली. काकू पायरीवर बसली, पाणी प्यायली, पाय लांब केले. मला वाटलं, आता बोलेल, आता रडेल. ती म्हणाली, "खाली तळमजल्यावरची एखादी खोली बघा. पायऱ्या नकोत. आणि मागच्या खोलीतले तुमचे ते चाकाखालचे ठोकळे सगळे न्यायचे नाहीत."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खोली बघितलीय. आगाराच्या मागच्या गल्लीत आहे, अंधारी आहे, पण व्यायामाचं ठिकाण चालत जाण्यासारखं आहे. महिनाअखेरीला सामान हलवायचं. तुझ्याकडे येऊन राहायला काकू तयार नाही. लिफ्टवर तिचा विश्वास नाही. तुझी लहान बस आली की परत वर जायचं असं ती म्हणते. मी दोन वर्षं मोजत बसणार नाही, पण तू त्यांच्या मागे लाग. वकील आहेस ना?

मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे. जाईल हळूहळू. तो कान पिळण्याचा मजकूर मात्र मी मागे घेतो. धाकट्याने तुला परत खांद्यावर घेतलं असतं, तू झेपली असतीस तर.

सामान बांधायला माणूस हवाय. मागची खोली मला एकट्याला आवरवत नाही. काकू म्हणते, तिला बोलवा. मी बोलावत नाही. पण तू ये.

काका